ड्रेसिंग रूममधलं गुलाबी कार्ड

५ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न वाचताच फाडलं असशील, तर विषयच संपला. पण तू फाडणार नाहीस. शाळेत असताना माझ्या वह्या चोरून वाचायचीस, ती खोड अशी जायची नाही.

आधी एक गोष्ट. आई ठीक आहे. पत्र बघून आईलाच काही झालं असं तुला वाटलं असेल, म्हणून हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं. आई वेळेवर जेवते, चांगली झोपते आणि चाकांच्या खुर्चीत बसून घरभर हुकूम सोडते. ती तुला अधूनमधून फोन करते, ते मला माहीत आहे. मी खोलीत पाऊल टाकलं की "हं, बरं, ठेवते" म्हणून ठेवून देते, जशी काही मी पोलीसच आहे. माझा फोन मात्र तू तीन वर्षांत एकदाही उचलला नाहीस. म्हणून हा कागद.

पत्राचं कारण कामाचं आहे, दुसरं काही नाही.

आपल्या आरोग्य केंद्रातली ती मधली भिंत आठवते ना? डावीकडे आम्ही, जखमा धुणारे आणि पट्ट्या बांधणारे. उजवीकडे तुम्ही, लशी, वजनं, बीपी, शुगर आणि घरभेटीवाले. आमचा पांढरा केसपेपर, तुमचं गुलाबी कार्ड. भिंतीत दार होतं, पण त्याच्यापुढे कापसाचं कपाट उभं करून आम्हीच ते बंद करून टाकलं होतं. आता नव्या डॉक्टर मॅडम आल्यात. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ते कपाट हलवायला लावलं. मागून तीन थर्मामीटर, माझा हरवलेला चष्मा आणि एक उंदीर निघाला. उंदीर चांगला धट्टाकट्टा होता.

आता नियम असा, की माणूस कुठल्याही कारणाने येवो, बोट कापलं म्हणून येवो की लस घ्यायला येवो, त्याच्या दुखण्यावर उपचार आणि पुढचं दुखणं टाळायची तपासणी, दोन्ही एकाच बसण्यात व्हायला हवं. केसपेपर आणि कार्ड एकाच फायलीत. मी म्हटलं, "मॅडम, माझ्याकडे रोज चाळीस ड्रेसिंग असतात. मी पू पुसू, का लोकांच्या शुगरा मोजत बसू?" तर म्हणाल्या, "सिस्टर, दोन्ही." वय माझ्या लेकीएवढं, आणि आवाज इतका गोड की नीट भांडताही येत नाही.

तर या वयात मला तुमचं गुलाबी कार्ड भरायला बसवलंय. अकरा रकाने आहेत त्यात! मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तू बारा वर्षं ही कार्डं लिहिलीस. काय आधी विचारायचं, काय नंतर, एवढं लिहून कळव. बाकी एक अक्षर लिहिलं नाहीस तरी चालेल.

आई रोज विचारते, ती कधी येणार. मी सांगते, मला काय माहीत.

तुझी
ताई

२१ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

उत्तर आलं नाही. येईल अशी माझी अपेक्षाही नव्हती, असं मी ह्यांना सांगते. हे नुसते हसतात, कारण पोस्टमन येऊन गेला का ते विचारायला मी रोज दुपारी डबा उघडायच्या आधी घरी फोन करते.

तू हसशील म्हणून आमचा पराक्रम सांगते. तू तिकडे हसलीस हे मला कळणार नाही, पण हस.

पहिल्या आठवड्यात मी एकेचाळीस जणांचं बीपी घेतलं. एकेचाळीसपैकी एकोणतीस जणांचं वाढलेलं! कार्डांवर मी लाल शाईने आकडे लिहीत सुटले. मॅडमनी ते बघितले आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी वरच्या ऑफिसला कळवलं. वरच्या ऑफिसातून दोन साहेब गाडी करून आले, आणि इथली माणसं मीठ किती खातात, रात्रपाळ्या किती करतात, पिण्याचं पाणी कुठून येतं, सगळं विचारून, दोन कप चहा पिऊन गेले. कुणाला काही सुधरेना. मला तर मनातून बरं वाटत होतं, की बघा, पट्टीवाल्या बाईने एका आठवड्यात केवढा रोग शोधून काढला.

अजून घोळ निस्तरलेला नाही. मॅडमनी नवं मशीन मागवलंय. मी रोज तसंच करते: माणूस येतो, मी जुनी पट्टी सोडते, जखम धुते, नवी पट्टी बांधते, मग त्याच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळते. तुला यात काही चुकतंय असं दिसलं तर कळव. तू इथे असतीस तर भिंतीपलीकडून ओरडून सांगितलं असतंस.

खरं सांगायचं तर नसतंस सांगितलं. बारा वर्षं आपण दोघी एका छपराखाली काम केलं, आणि एकमेकींच्या खोलीत बारा वेळासुद्धा गेलो नाही. आम्ही तुम्हाला कागदवाले म्हणायचो, तुम्ही आम्हाला पट्टीवाले. तू एकदा कार्ड हातात घेऊन ड्रेसिंग रूममध्ये आली होतीस. तेव्हा मी चारचौघांत काय म्हणाले, ते तुला आठवत असेल. जाऊ दे, आता ते कशाला उगाळायचं.

आई बरी आहे. तिच्या डाव्या पायाची नखं मी दर रविवारी स्वतः कापते.

ताई

१२ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. ना मायना, ना सही. "आधी माप, मग पट्टी. जखम चोळून झाल्यावर कुणाचंही बीपी वाढेल. आल्यावर पाच मिनिटं गप्प बसू दे, मग घे. आठवा रकाना मोकळा सोडू नये."

बस्स, एवढंच. पण मी ते अकरा वेळा वाचलं, आणि मग मॅडमना दाखवलं. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या दिवसापासून मी माप आधी घ्यायला लागले. एकोणतीसपैकी एकवीस जण एका दिवसात बरे झाले! वरच्या साहेबांना आता काय कळवायचं, ते मॅडमचं मॅडम बघतील. उरलेल्या आठ जणांचं मात्र खरंच वाढलेलं आहे. त्यांना गोळ्या चालू केल्या. त्यातल्या एकालाही आपल्याला काही होतंय हे माहीत नव्हतं. कुणी गळवासाठी आलं होतं, कुणी भाजलं म्हणून.

तुझ्या त्या चार ओळींनी एवढं काम झालं. मी तुला हे सांगायला हवं, म्हणून सांगते.

आता आईबद्दल. दुपारी तिच्यासोबत बसणारी बाई काम सोडून गेली. ह्यांची पाळी दुपारची. आई म्हणाली, "घरी भिंतींशी काय बोलू? मला तुझ्या दवाखान्यात ने." मी नको नको म्हणत असताना ह्यांनी खुर्ची ढकलत तिला आणून ड्रेसिंग रूमच्या बाहेर बाकाशेजारी बसवलंसुद्धा. मला वाटलं, दोन दिवसांत कंटाळेल. कसलं कंटाळतेय! लोकांना पाच मिनिटं गप्प बसवायचं, असं तू लिहिलंस ना, ती पाच मिनिटं आईने ताब्यात घेतलीत. तिच्यासमोर गप्प बसतं कोण, हा वेगळा प्रश्न.

गोदामात पोती उचलणारा एक माणूस येतो. अंगाने दार भरून जाईल एवढा. आम्ही त्याला पैलवान म्हणतो. पायाच्या अंगठ्यावर खोकं पडलं, जखम महिनाभर भरत नव्हती. आधीच्या पद्धतीने मी त्याला पट्टी बांधून घालवून दिलं असतं. आता शुगर बघितली, तर तीनशे बारा. मी गोळ्यांचं बोलायला लागले, तर म्हणाला, "सिस्टर, पट्टी बांधा आणि सोडा मला. शुगरबिगर बसून खाणाऱ्यांना होते. मी दिवसाला दोनशे पोती उचलतो."

असं म्हणून तो निघाला आणि बाहेर आईने त्याला अडवलं. म्हणाली, "अरे बाबा, इकडे ये. हे बघ." आणि गुडघ्यांवरची चादर बाजूला केली. उजवा पाय होता तिथली मोकळी जागा त्याने बघितली. मग आईने त्याला सगळी हकिकत सांगितली. तो परत आत आला आणि स्टुलावर बसला. "गोळ्या कशा घ्यायच्या ते पुन्हा सांगा," म्हणाला.

आई ती हकिकत आता रोज सांगते. दिवसाला वीस-तीस जणांना. आणि त्यानंतर लोक आपणहून मोजे काढून पाय पुढे करतात. मॅडम म्हणतात, आजी म्हणजे आमचा सगळ्यात चांगला स्टाफ आहे.

ती हकिकत मी पडद्यामागून ऐकते. काय सांगते ते तुला लिहीत नाही. तुला वाटतं तुला माहीत आहे.

आणखी एक. मॅडमना घरभेटींसाठी अनुभवी माणूस हवंय. जे दवाखान्यात येतच नाहीत त्यांच्याकडे जायचं, आणि सकाळचे दोन तास केंद्रात बसायचं. अर्ज तीस एप्रिलपर्यंत. मी तुझं नाव सुचवलेलं नाही.

खोटं कशाला बोलू? सुचवलं. तू बारा वर्षांची नोकरी सोडून तिकडे कपड्यांच्या दुकानात उभी आहेस, ते मला सहन होत नाही. तू ये, एवढंच मला हवंय.

ताई

२ एप्रिल

भिंगरी,

दोन आठवडे हे पत्र लिहून फाडतेय. आज एका बैठकीत लिहून टाकायचं ठरवलंय. खाडाखोड झाली तर होऊ दे.

आई बाकावरच्या लोकांना सांगते ते असं: "माझी धाकटी इथेच कामाला होती. तिने घरी येऊन माझी शुगर तपासली. कार्डावर लाल शाईने लिहिलं, आणि म्हणाली, आई, हे उद्याच ताईला दाखव. मी मेली विसरले. कार्ड पिशवीतच राहिलं. आणि पाय गेला. म्हणून तुम्हाला सांगते, कागद पिशवीत ठेवू नका."

तुलाही तिने हेच सांगितलं होतं ना? की विसरले म्हणून?

ती विसरली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तिने कार्ड दाखवलं होतं. मला. मी तिच्या अंगठ्याखालच्या जखमेवर पट्टी बांधत होते, पाचवा आठवडा चालू होता. तिने पिशवीतून कार्ड काढलं आणि म्हणाली, "हे बघ गं, धाकटीने काय लिहिलंय." माझे हात ओले होते. मी बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "आई, हे आमच्याकडचं नाही. ते पलीकडच्या खिडकीत दाखवायचं. ठेव पिशवीत, भिजेल." तिने ठेवलं. तिची मोठी मुलगी सिस्टर, तिला वाटलं हिला जास्त कळतं. पलीकडची खिडकी त्या दिवशी बंद होती, तुम्ही सगळे घरभेटींना गेला होतात. मी आणखी दोन आठवडे रोज तिच्या पायाला पट्टी बांधत राहिले, अगदी छान, सुबक, एक सुरकुती नाही.

मला तेव्हा राग कशाचा होता? त्याच्या आदल्या आठवड्यात तू दुसऱ्या कुणाचं तरी कार्ड घेऊन माझ्या खोलीत आली होतीस आणि मी सगळ्यांसमोर ओरडले होते, "तुमचे कागद बाहेर ठेवा, इथे कामं चालू आहेत." म्हणून तू आईचं कार्ड घेऊन स्वतः आली नाहीस. मी तुझ्यासाठी दार बंद केलं होतं आणि त्यावर येऊन धडकली आई.

मग मोठ्या हॉस्पिटलात सर्जननी विचारलं, "सात आठवडे जखम होती, शुगर कुणीच बघितली नाही?" मामा उभा होता, तुझ्या सासूबाई होत्या, तू आईच्या चपलांची पिशवी हातात धरून उभी होतीस. सव्वीस वर्षांची नोकरी आहे माझी. माझ्या तोंडून निघून गेलं, "ते काम हिच्या खात्याचं. हिने मला काही सांगितलं नाही." एक वाक्य. ते परत घ्यायला मला तेव्हा दोन मिनिटं पुरली असती. मी घेतलं नाही. नंतर तू राजीनामा दिलास, तेव्हाही घेतलं नाही. तू गाव सोडलंस, तेव्हा मी घरात बसून स्वतःची समजूत घातली, की तिच्या नवऱ्याची तिकडे नोकरी आहे, ती तशीही गेलीच असती.

मी भित्री आहे. पेशंटची कवटी फुटलेली असली तरी मी बिनदिक्कत कापूस दाबून धरते, आणि हे एक वाक्य बोलायला तीन वर्षं लागली.

परवा संध्याकाळी मी आईला म्हटलं, "लोकांना खोटं का सांगतेस? तू मला दाखवलं होतंस." ती वर्तमानपत्र वाचत होती. चष्मा काढला आणि म्हणाली, "अगं, दोघी माझ्याच. एकीला घालवून बसले, दुसरीला कुठे घालवू?" आणि पुन्हा चष्मा लावून वाचायला लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

काल आई बाकावर ती हकिकत सांगत होती. "मी मेली विसरले," इथपर्यंत आली आणि मी पडदा बाजूला करून बाहेर गेले. हातमोजे तसेच. म्हटलं, "ती विसरली नव्हती. तिने कार्ड मला दाखवलं होतं. मीच बघितलं नाही. हे आमचं काम नाही, असं म्हणाले." बाकावर अकरा माणसं होती. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. एका म्हातारीने फक्त विचारलं, "मग माझा नंबर कधी?" आणि पैलवान उठला, म्हणाला, "आता बघता ना, सिस्टर? मग झालं." आणि पाय उचलून स्टुलावर ठेवला.

त्याची जखम भरत आलीय. शुगर एकशे साठवर आहे.

मला माफ कर, असं लिहायला हवं. लिहिते. मला माफ कर. नाही केलंस तरी तुझ्या नोकरीचं बघ, त्यात माझ्यावरचा राग आणू नकोस. कार्डावर लाल शाईने तू बरोबरच लिहिलं होतंस.

ताई

२४ एप्रिल

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र आलं. पाच पानी! आणि पाचही पानं नुसती माझी खरडपट्टी. तुला खोटं वाटेल, पण मला फार बरं वाटलं. पोस्टकार्डावरची बाई कुणीतरी साहेबीण होती. हे लिहिणारी माझी बहीण आहे.

तू लिहिलंस, "बाकावरच्या लोकांना सांगणं सोपं आहे. ते घरी जाईपर्यंत विसरतात. तू माझं नाव मामासमोर घेतलंस, माझ्या सासूबाईंसमोर घेतलंस. त्यांना सांगितलंस का?" हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि दिवसभर त्याच्याकडे फिरकले नाही. मला वाटत होतं, मी केवढं मोठं धाडस केलं. ज्यांना सांगायला हवं होतं ते दोघे तसेच राहिले होते.

रविवारी मामाकडे गेले. त्याला वाटलं मी त्याचं बीपी घ्यायला आले, बाही वर करून बसला. म्हटलं, "मामा, आधी ऐक, नंतर घेते, नाहीतर आकडा चुकायचा." सगळं सांगितलं. त्याच्या बाहीची घडी तशीच वर होती. मग म्हणाला, "मी तिला मुलाच्या लग्नाला बोलावलं नाही गं. आईचा पाय घालवला म्हणून." मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं होतं तू आली नाहीस. मामा तुला पत्र लिहिणार आहे. त्याला लिहायचा कंटाळा आहे हे तुला माहीतच आहे, पण मी त्याला कागद, पेन आणि पाकीट देऊन आलेय, पत्तासुद्धा मीच घातलाय.

तुझ्या सासूबाईंना फोन केला. सुरुवातीला त्यांना वाटलं मी आईच्या तब्येतीचं काही सांगतेय. मग सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे मला आता सांगून काय उपयोग? मी तीन वर्षं तिला ऐकवलं ते ऐकवलं." मी म्हटलं, "ते तुम्ही माझ्या शब्दावर ऐकवलंत. बोलायचं तर मला बोला." त्यांनी मला बोलून घेतलं, चांगलं दहा मिनिटं. तुझ्याकडून शिकल्या की तू त्यांच्याकडून, देव जाणे. शेवटी म्हणाल्या, "ती दुकानातून आली की तिला चहा मी करून देते आज." दिला का? मला कळव.

तू आणखी एक लिहिलंस: "मीही रुसले होते म्हणून स्वतः आले नाही. आईच्या हाती कार्ड पाठवलं आणि मोकळी झाले. तो माझा वाटा. तो मी मोजेन, तू मोजायचा नाही." मोजत नाही. पण मोठी बहीण म्हणून एवढं म्हणू दे, की तो वाटा लहान आहे.

अर्जाबद्दल तू पाच पानांत अवाक्षर काढलं नाहीस. सहा दिवस उरलेत. मॅडम रोज टपाल बघतात आणि माझ्याकडे बघतात. मी तुला ये म्हणणार नाही. तो हक्क मी घालवलाय. पण इथे काय चाललंय ते सांगते, मग तू ठरव.

पैलवान आठ दिवस आला नाही. जखम भरली, दुखणं संपलं, आता कशाला यायचं! त्याच्या गोळ्या परवाच संपल्या असतील. माझ्याकडे त्याचा पत्ता नाही, कारण पत्त्याचा रकाना मी मोकळा सोडला. तोच आठवा रकाना. तू लिहिलं होतंस आणि मला वाटलं होतं, जखमेला पत्ता कशाला लागतो. असे सतरा जण आहेत. बरे झाले आणि गेले. खोलीत आलेल्याला मी आता सोडत नाही, पण जो आलाच नाही त्याच्या दारात कसं जायचं, ते मला येत नाही. मला कधी येणारही नाही. ते तुला येतं.

आई म्हणते, तिला सांग, माझ्यासाठी नको, त्या सतरा माणसांसाठी ये. मी म्हटलं, तूच सांग की फोनवर. तर म्हणाली, "मी सांगितलं तर ती येईल. मला तिने आपणहून यायला हवंय."

ताई

१ जून, सकाळी पावणेआठ

भिंगरी,

ही चिठ्ठी मॅडमजवळ देऊन ठेवतेय. तुझी गाडी साडेआठला येते आणि तू थेट केंद्रात येणार, असं तू कळवलंयस. नेमका आज एक भाजलेला माणूस आलाय, दोन्ही हात. त्याचं ड्रेसिंग अर्धं सोडून मला उठता येणार नाही, म्हणून आधीच लिहून ठेवते.

तुझ्या अर्जासोबतच्या अटी मॅडमनी वाचून दाखवल्या. सकाळचे दोन तास पेशंट आधी तुझ्याकडे येईल आणि मगच माझ्या टेबलावर जाईल, हे मान्य. तुझी सही असल्याशिवाय मी पट्टी सोडायची नाही, हेही मान्य. मी तुझ्याहून चौदा वर्षांनी जुनी नोकर आहे, पण मान्य. कार्ड आणि केसपेपर दोन्हींवर आपल्या दोघींच्या सह्या हव्यात, हे तुझ्या डोक्यातून निघालं ना? मॅडमनी ते सगळ्यांनाच लागू केलंय. तुझं टेबल दारालगत लावलंय. खिडकीचं ऊन दहानंतर येतं, तेव्हा खुर्ची सरकवून घे.

सतरा जणांची नावं टेबलावर आहेत. पैलवानाचं गोदाम कुठे आहे तेवढं आईने बाकावरच्या लोकांकडून काढून ठेवलंय. पहिला तोच घे.

आई आत नाही. मुद्दाम घरी थांबलीय. म्हणाली, "आधी तुम्ही दोघी एकमेकींना भेटा, मग मला भेटायला या. मी मध्ये नको."

तुला तोंडाने खूप सांगायचं होतं. सकाळपासून पाठ करतेय, आणि दर वेळी पहिल्या वाक्यालाच अडते. तुझ्या आठवणीने मी तीन वर्षं कुढलेय, आणि तो त्रास मीच स्वतःवर ओढवून घेतला होता, म्हणून कुणाला सांगताही आलं नाही. एवढंच ते वाक्य आहे.

पडदा सरकवून आत ये. मी दाराकडे पाठ करून बसलेली असेन, हात गुंतलेले असतील. मागून हाक मार. सिस्टर म्हणालीस तर मान वळवून बघेन आणि तुला रुजू करून घेईन. ताई म्हणालीस तर हातमोजे काढून उठेन. त्या भाजलेल्या माणसाला मी आधीच विचारून ठेवलंय, दोन मिनिटं थांबाल का म्हणून. तो म्हणाला, थांबतो.